बुडालेल्या सपाट पृष्ठावरील जलदाब : एका नियमाचा इतिहास

१

द्रवस्थितिशास्त्राच्या कोणत्याही प्राथमिक पाठ्यपुस्तकात एक नियम हमखास आढळतो. स्थिर पाण्यात बुडालेल्या सपाट पृष्ठावर पाण्याची जी एकूण प्रेरणा पडते ती तीन राशींच्या गुणाकाराइतकी असते : पृष्ठाचे क्षेत्रफळ, जलपातळीपासून पृष्ठाच्या गुरुत्वमध्याची खोली आणि पाण्याच्या एकक घनफळाचे वजन. ही प्रेरणा पृष्ठाला लंब असते. मात्र ती गुरुत्वमध्यातून जात नाही, त्याच्या थोडे खाली असलेल्या एका बिंदूतून जाते. या बिंदूस दाबमध्य म्हणतात. पृष्ठ आडवे असेल तरच हे दोन्ही बिंदू एक होतात.

विद्यार्थी हा नियम पाठ करतो, दरवाजे, टाक्या व बांध यांवरील काही उदाहरणे सोडवितो आणि पुढील प्रकरणाकडे वळतो. नियम इतका आटोपशीर आहे की, त्याला काही इतिहास असेल अशी शंकाही सहसा येत नाही. वस्तुतः त्याचा इतिहास दुहेरी आहे. पहिला भाग हा नियम कसा हाती आला याचा. तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुरू होतो आणि अठराव्या शतकात बहुतांशी संपतो. दुसरा भाग हा नियम वापरण्यापूर्वी कोणत्या प्रश्नांची उत्तरे आधी द्यावी लागतात हे अभियंत्यांना कसे उमगले याचा. बुडालेले पृष्ठ नेमके कोणते? त्यावरील पाण्याची खोली किती धरावयाची? आणि पाणी खरोखरच स्थिर आहे काय? सूत्र या प्रश्नांची उत्तरे देत नाही. ती गृहीत धरते. हा दुसरा भाग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आपल्या काळापर्यंत येतो, आणि त्यात मुंबई, पुणे व कोयना या तिन्ही स्थळांचा संबंध येतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही भागांचा संक्षेपाने विचार करावयाचा आहे.

२

द्रवस्थितिशास्त्राचा आरंभ सामान्यतः आर्किमिडीजपासून धरतात, आणि ते योग्यच आहे. तथापि तरंगत्या पदार्थांवरील त्याच्या ग्रंथात पात्राच्या भिंतीवर पाणी किती जोराने रेटते हा प्रश्न येत नाही. बुडालेल्या पदार्थाला पाणी किती उचलून धरते, आणि तरंगणारा पदार्थ कोणत्या स्थितीत स्थिर राहतो, एवढ्यापुरताच त्याचा विचार होता. त्यासाठी भिंतीवरील दाबाचे गणित करावे लागत नाही. हटविलेल्या पाण्याचे वजन कळले की पुरते. भिंतीचा प्रश्न त्यानंतर सुमारे अठरा शतके कोणी गणिताने सोडविलेला दिसत नाही.

तो सोडविणारा पुरुष ज्या भूमीत निपजला ती भूमी या प्रश्नाला अनुरूपच होती. सायमन स्टेविन १५४८ साली ब्रुज येथे जन्मला आणि पुढे उत्तर नेदरलंडमध्ये येऊन तेथील राजपुत्र मॉरिस याच्या सेवेत अभियंता झाला. बांध, कालवे व जलद्वारे यांच्या आधाराने जगणाऱ्या त्या देशात पाण्याचा रेटा हा पंडिती कुतूहलाचा विषय नव्हता. स्टेविनचा द्रवस्थितिशास्त्रावरील ग्रंथ १५८६ साली लायडेन येथे प्रसिद्ध झाला. त्याच्या नावातील मुख्य शब्दाचा अर्थ ‘पाण्याचे वजन’ असा होतो. विशेष हे की, लॅटिन ही विद्वानांची सर्वमान्य भाषा असता त्याने हा ग्रंथ मुद्दाम आपल्या डच भाषेत लिहिला आणि शास्त्रीय संज्ञांसाठी त्याच भाषेतून शब्द घडविले. त्यातील काही शब्द डच भाषेत आजही रूढ आहेत.

स्टेविनने प्रथम आडव्या तळाचा विचार केला. पाण्याचा एखादा भाग तितक्याच वजनाच्या घन पदार्थाने बदलला तरी उरलेल्या पाण्याचा तोल ढळत नाही, या कल्पनेच्या साह्याने त्याने दाखविले की आडव्या तळावरील भार हा, तो तळ हा पाया व वरील पाण्याची खोली ही उंची असलेल्या लोलकाकृती जलस्तंभाच्या वजनाइतका असतो. पात्राचा आकार वर रुंदावत असो की निमुळता होत असो, या भारात फरक पडत नाही. आज ज्याला आपण द्रवस्थितीचा विरोधाभास म्हणतो तो येथे प्रथमच स्पष्टपणे मांडला गेला.

यानंतर उभ्या भिंतीचा प्रश्न आला. येथे अडचण अशी की भिंतीच्या प्रत्येक बिंदूवर खोली निराळी. वरच्या कडेला ती शून्य, खालच्या कडेला सर्वांत अधिक. कलनशास्त्र अजून जन्मावयाचे होते. स्टेविनने भिंतीचे समान रुंदीच्या आडव्या पट्ट्यांत विभाजन केले. कोणत्याही पट्टीवरील भार, ती पट्टी आपल्या वरच्या कडेच्या खोलीवर आडवी निजवली असता जितका येईल त्यापेक्षा कमी नसणार, आणि खालच्या कडेच्या खोलीवर निजवली असता जितका येईल त्यापेक्षा जास्त नसणार. म्हणजे खरा भार दोन मर्यादांच्या मध्ये सापडला. भिंत चौरस धरून संपूर्ण भिंत तळाच्या खोलीवर आडवी ठेवली असता येणारा भार एक मानला, तर चार पट्ट्यांसाठी या मर्यादा ६/१६ आणि १०/१६ येतात. दहा पट्ट्या घेतल्यास त्या ४५/१०० आणि ५५/१०० होतात. स्टेविनने हजार पट्ट्यांपर्यंत मजल नेली. तेथे त्या ४,९९,५००/१०,००,००० आणि ५,००,५००/१०,००,००० अशा येतात. पट्ट्या वाढवीत गेल्यास हा फरक वाटेल तितका लहान करता येतो. म्हणून खरे उत्तर नेमके अर्धे.

ही युक्ती आर्किमिडीजच्या क्षेत्रमापनाच्या रीतीची वारस आहे आणि पुढे येणाऱ्या समाकलनाची पूर्वसूचकही. पण तिच्यातील एक गोष्ट अधिक लक्षात ठेवण्याजोगी आहे. आर्किमिडीजच्या परंपरेतील गणिती दोन्ही बाजूंनी विरोध दाखवून सिद्धता पुरी करीत असे. स्टेविनने ती सिद्धता दिलीच, परंतु तिच्या जोडीला आकड्यांनी केलेले प्रत्यक्ष उदाहरणही ठेवले. दशांश अपूर्णांकांचा प्रसार करणारी त्याची पुस्तिका आदल्याच वर्षी, १५८५ साली, निघाली होती. बांधावर काम करणाऱ्या माणसाला पटेल असा पुरावा त्याला हवा होता.

या निष्पत्तीतून निघणारा एक अर्थ सामान्य समजुतीच्या विरुद्ध जातो. भिंतीवरील रेटा फक्त तिच्यालगतच्या पाण्याच्या खोलीवर अवलंबून आहे. मागे किती पाणी पसरले आहे यावर नाही. दरवाजाच्या एका बाजूस हातभर रुंदीची चर असो की दुसऱ्या बाजूस समुद्र असो, पातळी एकच असेल तर स्थिर पाण्याचा दोन्ही बाजूंचा रेटा सारखाच. धरणामागील जलाशय कोसभर लांब आहे म्हणून धरणावर अधिक जोर पडतो असे मानणारे सुशिक्षित लोक आजही भेटतात. त्यांना दिलेले उत्तर चारशे वर्षांपूर्वीचे आहे.

३

प्रेरणा किती एवढे कळून भागत नाही. ती कोठे लागू होते हेही कळावे लागते. बिजागरीवर फिरणारा दरवाजा किंवा उलथून पडू शकणारी भिंत यांच्या बाबतीत दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा ठरतो. स्टेविनने याचाही विचार केला. जलपातळीपासून सुरू होणाऱ्या आयताकृती भिंतीवरील दाब चितारला तर त्याची आकृती त्रिकोणी पाचरीसारखी होते : वर धार, खाली जाड बाजू. या पाचरीच्या गुरुत्वमध्यासमोर जो बिंदू येतो तोच दाबमध्य. त्रिकोणाचा गुरुत्वमध्य पायापासून एकतृतीयांश उंचीवर असतो. म्हणून दाबमध्य पातळीपासून दोनतृतीयांश खोलीवर.

एक साधे उदाहरण घेऊ. २ मीटर रुंद व ३ मीटर उंच अशा दरवाजाच्या वरच्या कडेपर्यंत पाणी आहे. गुरुत्वमध्याची खोली दीड मीटर, क्षेत्रफळ ६ चौरस मीटर; पाण्याच्या घनमीटरचे वजन १,००० किलोग्रॅम धरल्यास एकूण प्रेरणा ९,००० किलोग्रॅम-भार येते. ती दीड मीटरवर नव्हे, २ मीटर खोलीवर लागू होते. विद्यार्थी प्रेरणा बरोबर काढतो आणि ती गुरुत्वमध्यातून नेतो, ही परीक्षकांच्या नित्य अनुभवाची चूक आहे. गुरुत्वमध्याची खोली प्रेरणेचे परिमाण ठरविते, स्थान ठरवीत नाही, हा भेद नियमाच्या शब्दयोजनेत झाकला जातो.

पाचरीची कल्पना आयताला पुरते. वर्तुळ किंवा अन्य आकारांच्या दरवाजांना ती वापरणे जड जाते. येथे मदत अगदी अनपेक्षित दिशेने आली. १६७३ साली हायगेन्सने लंबकाच्या घड्याळावरील आपल्या ग्रंथात दोलनकेंद्राचा प्रश्न सोडविला. जड आकार एखाद्या अक्षाभोवती झुलत असेल तर तो किती लांबीच्या साध्या लंबकाबरोबर झुलेल, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर असे : प्रत्येक कणाचे वजन व अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग यांच्या गुणाकारांची बेरीज घ्यावी आणि तिला वजन व अंतर यांच्या गुणाकारांच्या बेरजेने भागावे. आता बुडालेल्या पृष्ठाकडे पाहू. पृष्ठाची पातळी व जलपातळी जेथे छेदतात ती रेषा अक्ष मानावी. पृष्ठाच्या प्रत्येक अल्पांशावरील दाब अक्षापासूनच्या त्याच्या अंतराच्या प्रमाणात आहे. त्याचे अक्षाभोवतीचे परिबल म्हणून अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. परिबलांच्या बेरजेला प्रेरणांच्या बेरजेने भागले की दाबमध्याचे अंतर मिळते. बेरजा त्याच, भागाकारही तोच. अर्थात दाबमध्याचे अक्षापासूनचे अंतर आणि दोलनकेंद्राचे अंतर ही एकच राशी होय.

हे साम्य केवळ आकड्यांचे नाही. अक्षाभोवती फिरणाऱ्या फळीच्या प्रत्येक भागाचा वेग अक्षापासूनच्या अंतराच्या प्रमाणात असतो, जसा बुडालेल्या फळीवरील दाब असतो. म्हणून ज्या बिंदूशी आघात झाला असता अक्षाला हिसका बसत नाही, तो आघातमध्य आणि दाबमध्य एकच. दांडूच्या विशिष्ट जागी विटी बसली म्हणजे हाताला झिणझिण्या येत नाहीत, ती जागा आणि दरवाजावरील दाबमध्य ही एकाच नियमाची दोन रूपे आहेत. अठराव्या शतकातील इंग्रजी ग्रंथकारांनी हे साम्य उघडपणे सांगितले. विल्यम इमर्सनच्या यांत्रिकीवरील ग्रंथात ते येते, आणि चार्ल्स हटनच्या १७९५-९६ मधील गणितकोशात दाबमध्याची व्याख्या याच शब्दांत दिलेली आहे.

यापुढील काम संज्ञांचे व सामान्यीकरणाचे होते. पास्कालचा द्रवांच्या समतोलावरील प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली छापला गेला. द्रवाचा दाब सर्व दिशांनी सारखा पडतो, म्हणजे खालीच नव्हे तर बाजूला आणि वरही, हे तत्त्व त्यामुळे सर्वतोमुखी झाले. एका बिंदूजवळील दाब ही स्वतंत्र राशी म्हणून ऑयलरने अठराव्या शतकाच्या मध्यास गणितात पक्की केली. त्यानेच १७६५ साली निरूढी-परिबल ही संज्ञा रूढ केली. आज आपण दाबमध्याचे सूत्र लिहितो ते याच भाषेत : उभ्या पृष्ठाच्या गुरुत्वमध्यापासून दाबमध्य जितका खाली असतो ते अंतर, गुरुत्वमध्यातील आडव्या अक्षाभोवतीचे पृष्ठाचे क्षेत्र-परिबल भागिले क्षेत्रफळ व गुरुत्वमध्याची खोली यांचा गुणाकार. पृष्ठ जसजसे खोल न्यावे तसतसे हे अंतर घटत जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीस सैद्धांतिक दृष्ट्या येथे करण्याजोगे काही उरले नव्हते.

४

उरले होते ते दुसऱ्याच बाजूस. पाण्याचा रेटा भिंतीवर किती, हे कळले. तो रेटा सोसणारी भिंत कशी असावी, हे कळले नव्हते. मोठी दगडी धरणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनुभवाने व अंदाजाने बांधली जात. १८५३ साली फ्रेंच अभियंता साझिली याने प्रथम असा आग्रह धरला की, जलाशय रिकामा असताना व भरलेला असताना दगडी बांधकामावर कोठेही ठरीव मर्यादेपेक्षा अधिक दाब येऊ नये, एवढ्याच निकषावर भिंतीचा छेद काढावा. देलोक्र याने हा विचार पुढे नेला आणि सेंट-एतिएनजवळचे फ्युरान्स नदीवरील धरण या पद्धतीने १८६६ साली पुरे झाले.

येथून विषय मुंबईकडे येतो. विहार तलाव १८६० साली पुरा झाला तरी वाढत्या शहराची तहान भागेना. नव्या जलाशयांच्या योजना आखताना नगरपालिकेचे कार्यकारी अभियंता कॅप्टन हेक्टर टुलक यांच्यापुढे उंच दगडी धरणाचा छेद कसा असावा हा प्रश्न उभा राहिला. त्यांनी तो ग्लासगो विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम रँकिन यांच्याकडे पाठविला. रँकिन यांचे उत्तर १८७२ च्या आरंभी लंडनच्या ‘दि एंजिनिअर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस रँकिन वारले. धरणशास्त्राच्या इतिहासात हा अहवाल मैलाचा दगड मानला जातो, आणि तो लिहिला गेला मुंबईच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्ताने, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांस माहीत असावयास हवी.

रँकिन यांनी साझिलीच्या निकषात एक निर्णायक भर घातली. चुन्यात बांधलेली दगडी भिंत दाब सोसते, ताण सोसत नाही. म्हणून भिंतीत कोठेही लक्षणीय ताण उत्पन्न होऊ देऊ नये. आयताकृती पायाच्या बाबतीत याचा अर्थ असा की, भिंतीचे वजन व पाण्याचा रेटा यांची फलप्रेरणा पायाच्या मधल्या तिसऱ्या भागातूनच गेली पाहिजे. या अटीचे फळ किती साधे येते ते पाहण्यासाठी त्रिकोणी छेदाची भिंत घेऊ : पाण्याकडील बाजू उभी, मागील बाजू तिरपी, जलपातळी शिखरापर्यंत. पाण्याचा रेटा पायापासून एकतृतीयांश उंचीवर लागू होतो, हा स्टेविनचाच निष्कर्ष. वजन व रेटा यांची परिबले समान मांडली की असे येते : पायाची रुंदी ही उंचीला बांधकामाच्या सापेक्ष घनतेच्या वर्गमुळाने भागून मिळते. सापेक्ष घनता २.२५ धरली तर वर्गमूळ १.५, ३० मीटर उंचीच्या भिंतीस २० मीटर रुंदीचा पाया पुरे.

ही निष्पत्ती पाहून कोणाही गणित्याचे समाधान व्हावे. प्रेरणा ठाऊक, तिचे स्थान ठाऊक, भिंतीचा गुणधर्म ठाऊक. पुढे तुळशी (१८७९) व तानसा (१८९२) ही दगडी धरणे मुंबईसाठी उभी राहिली आणि टिकली. पण या गणितात एक पृष्ठ मोजावयाचे राहून गेले होते.

५

ईशान्य फ्रान्समध्ये एपिनाल शहराजवळ बूझे येथे, कालव्याला पाणी पुरविण्यासाठी, एक दगडी धरण बांधले गेले. १८८४ साली जलाशय भरत असता भिंतीचा एक लांब भाग पाण्याच्या रेट्याने सुमारे एक फूट पुढे सरकला. धरण दुरुस्त केले गेले, पायथ्याशी आधार दिला गेला, आणि जलाशय पुन्हा भरला. २७ एप्रिल १८९५ रोजी भिंतीचा वरचा भाग जवळजवळ आडव्या रेषेत तुटला आणि वाहून गेला. खालच्या खोऱ्यातील ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

भिंत पायाशी नव्हे, दुरुस्तीत भक्कम केलेल्या भागाच्या वर तुटली होती. त्या उंचीवर तिचा छेद इतका सडपातळ होता की, फलप्रेरणा मधल्या तिसऱ्या भागाबाहेर जात होती. म्हणजे पाण्याकडील बाजूस ताण होता. रँकिन यांची अट तेथे पाळली गेली नव्हती हे खरे. पण ताण आल्याने भिंतीचे नेमके काय झाले? चुन्याचा सांधा उघडला, आणि उघडलेल्या सांध्यात जलाशयाचे पाणी शिरले. ज्या क्षणी पाणी शिरले त्या क्षणी भिंतीच्या पोटात एक नवे बुडालेले पृष्ठ निर्माण झाले. ते आडवे होते, म्हणजे सर्वांत सोप्या प्रकारचे : क्षेत्रफळ गुणिले खोली, एवढेच गणित. दाब वरच्याही दिशेने पडतो हे पास्कालने सांगितले होतेच. ही प्रेरणा वरच्या भागाला उचलीत होती, त्याचे उपयोगी वजन घटवीत होती, त्यामुळे ताण वाढत होता, आणि फट आणखी आत जात होती.

हे दुर्लक्षित पृष्ठ गणितात आणण्याचे श्रेय मुख्यतः मॉरिस लेव्ही यांना दिले जाते. त्यांनी १८९५ सालीच पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे असा नियम मांडला की, भिंतीच्या पाण्याकडील बाजूवर कोणत्याही खोलीशी बांधकामातील उभा दाब त्या खोलीवरील पाण्याच्या दाबापेक्षा कमी असता कामा नये. तसे असेल तर फट पडू पाहिली तरी पाणी तिला उघडू शकणार नाही. रँकिन म्हणत होते : ताण नको. लेव्ही म्हणाले : तेवढ्याने भागत नाही, पाण्याच्या दाबाइतका दाब शिल्लक हवा.

या फरकाची किंमत मघाच्याच त्रिकोणी भिंतीवर काढता येते. आता पायाची रुंदी मिळविण्यासाठी सापेक्ष घनतेतून १ वजा करून वर्गमूळ घ्यावे लागते. घनता २.२५ असता १.२५ चे वर्गमूळ सुमारे १.११८ येते, आणि ३० मीटर उंचीच्या भिंतीचा पाया २० मीटरऐवजी सुमारे २६.८ मीटर होतो. म्हणजे सुमारे एकतृतीयांश अधिक बांधकाम. हेच उत्तर दुसऱ्या रीतीनेही मिळते : पायाच्या आडव्या पातळीवर पाण्याकडे पूर्ण आणि मागे शून्य असा, सरळ रेषेत घटणारा उत्थापक दाब धरला तर नेमकी हीच रुंदी येते. वजा केलेला १ हा त्या विसरलेल्या पृष्ठाचा हिशोब आहे.

व्यवहारात इतकी रुंदी नेहमी द्यावी लागत नाही, कारण पाणी आत शिरू नये व शिरलेच तर निघून जावे यासाठी पायात चिकटद्रव भरणे, भिंतीच्या पोटात निचऱ्याची छिद्रे व बोगदे ठेवणे हे उपाय बूझेनंतरच्या काळात रूढ झाले. तथापि यांपैकी प्रत्येक उपाय त्या आतील पृष्ठावरील दाब मान्य करूनच योजला जातो.

६

‘खोली किती?’ हा दुसरा प्रश्न त्यामानाने क्षुल्लक वाटतो. धरणाची पूर्ण पातळी आराखड्यात लिहिलेली असते. पण ती पातळी माणसाने ठरविलेली आहे, पाण्याने नव्हे.

१२ जुलै १९६१ रोजी मुठेच्या खोऱ्यात पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्याचे पाणी खालच्या बाजूस असलेल्या खडकवासल्याच्या जलाशयात आले. एकोणिसाव्या शतकातील, कर्नल फाइफ यांच्या नावाशी निगडित असे हे दगडी धरण ऐंशीहून अधिक वर्षे उभे होते. पाणी त्याच्या माथ्यावरून वाहू लागले, आणि त्याच दिवशी ते धरणही फुटले. पुणे शहराच्या नदीकाठच्या पेठांची झालेली वाताहत आजही सांगितली जाते.

अशा वेळी भिंतीवरील हिशोब कसा बदलतो हे पाहणे उद्बोधक आहे. पाणी माथ्याच्या वर भिंतीच्या उंचीच्या एकदशांशाइतके चढले असे मानू. दाबाची आकृती आता त्रिकोण राहत नाही. माथ्याशीही काही दाब असल्यामुळे ती समलंब होते. एकूण रेटा २० टक्क्यांनी वाढतो. परंतु दाबमध्य पायापासून एकतृतीयांश उंचीवरून वर सरकून सुमारे ०.३६ उंचीवर जातो, आणि म्हणून भिंत उलथविणारे परिबल ३० टक्क्यांनी वाढते. भिंतीचे वजन मात्र तितकेच राहते. हे आकडे कल्पित भिंतीचे आहेत, खडकवासल्याचे नव्हेत. आणि माथ्यावरून कोसळणारे पाणी पायथ्याची झीजही करते, ती यात धरलेली नाही. पण पाणी चढले असता प्रेरणेपेक्षा परिबल अधिक वेगाने वाढते, हे स्टेविनच्या पाचरीवरूनच दिसते. म्हणूनच सांडव्याची क्षमता ही धरणाच्या सुरक्षिततेची बाब आहे, केवळ पाणी सोडण्याची सोय नव्हे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेच्या भूकंपाने मागितले. भूकंपात भिंत पाण्याकडे व पाण्यापासून दूर अशी हलते. पाणी तितक्या चटकन बाजूस होऊ शकत नाही, आणि स्थिर दाबात जादा दाबाची भर पडते. याचे गणित वेस्टरगार्ड यांनी १९३३ साली मांडले होते. त्यांच्या सोप्या सूत्रानुसार हा जादा दाब खोलीच्या प्रमाणात नव्हे, तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे त्याचा दाबमध्य एकतृतीयांश उंचीवर न येता दोनपंचमांश उंचीवर येतो. जमिनीचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या एकदशांश धरल्यास जादा रेटा स्थिर रेट्याच्या सुमारे १२ टक्के, आणि जादा परिबल १४ टक्के होते. कोयना धरण उभे राहिले. परंतु वरच्या भागात, जेथे भिंतीच्या मागील बाजूचा उतार एकाएकी बदलतो तेथे, दोन्ही बाजूंस आडव्या भेगा पडल्या. त्यांना मुख्यतः वरच्या जड भागाची स्वतःची निरूढी कारण झाली. पाण्याच्या जादा दाबाने तिला हातभार लावला. पुढे धरणास मागील बाजूने आधारभिंती देऊन बळकटी आणली गेली. आडवी भेग आणि तिच्यात शिरू पाहणारे जलाशयाचे पाणी हा प्रसंग बूझेचा विचार केलेल्या वाचकास अपरिचित वाटणार नाही.

७

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. १५८६ साली सिद्ध झालेला नियम १८९५, १९६१ किंवा १९६७ या कोणत्याही साली खोटा ठरला नाही. प्रत्येक प्रसंगी तो अचूक लागू झाला, फक्त आराखडा काढणाऱ्याने मोजले नव्हते अशा पृष्ठावर, अशा खोलीवर, किंवा अशा गतीत. गणितातील चूक शोधून दुरुस्त करणे सोपे असते. गणितात न आलेली राशी शोधणे कठीण, कारण ती कागदावर कोठेच नसते.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक सूचना करावीशी वाटते. या प्रकरणातील उदाहरणे बहुधा अशी दिली जातात की पृष्ठ आखून दिलेले, पातळी सांगितलेली आणि पाणी स्थिर. विद्यार्थ्याने करावयाचे ते केवळ गुणाकार. त्यांच्या जोडीला असेही एखादे उदाहरण द्यावे की, ज्यात भिंतीचा फक्त छेद दिलेला आहे आणि पहिला प्रश्न ‘प्रेरणा किती?’ हा नसून ‘पाणी कोठकोठे पोहोचू शकते?’ हा आहे. स्टेविनने हजार पट्ट्यांची बेरीज केली ती बांधावरच्या माणसाला पटावे म्हणून. त्या माणसाला पाणी फटीतून वाट काढते, हे सांगावे लागले नसते. ते ज्ञान आणि हे गणित एकाच डोक्यात नांदावे, एवढीच अपेक्षा.